साहेबांच्या डाव्या हाताला

काकाजींनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही चहाचा कप खाली ठेवता ठेवता, उठायच्या तयारीत असताना. "आमच्या साहेबांना मीटिंगचा हॉल बदलायचाय," ते म्हणाले. "मी तुझं नाव सांगितलंय. उद्या जाऊन भेटून ये. आणि हे बघ, माझी खुर्ची तेवढी साहेबांच्या डाव्या हाताला राहू दे."

एवढं बोलून ते चपला घालून आपल्या घराकडे गेलेसुद्धा. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मधे एक दार. काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पुण्यामुंबईकडे नुसतं 'काका' म्हणून भागत असेल, झाशीत 'जी' लावल्याशिवाय नातं पुरं होत नाही. आमचं घराणं पेशवाईत इकडे कारकुनी करायला आलं आणि अजून कारकुनीच करतंय, असं वडील म्हणायचे. त्या घराण्यात कारकून न झालेली मी पहिली. ग्वाल्हेरला इंटिरियरचा कोर्स करून मी परत आले, बडा बाजारातल्या साड्यांच्या दुकानांना आरसे आणि दिवे लावून देऊ लागले, आणि नव्या कॉलन्यांमध्ये मॉड्युलर किचन. घरी कोणी पाहुण्याने विचारलं तर आई सांगायची, "ती दुकानं सजवते." ऑफिसचं काम मला तोवर एकही मिळालेलं नव्हतं.

डाव्या हाताच्या खुर्चीचं कारण मला विचारायची गरज नव्हती. काकाजींचा डावा कान कामातून गेलेला होता. उजवा चालायचा, पण तोही माणूस जवळ असेल आणि आजूबाजूला गलका नसेल तरच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीही कधी तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. सणावारी पंगत बसली की काकाजी अगदी डाव्या टोकाचा पाट धरायचे, म्हणजे अख्खी पंगत त्यांच्या उजव्या कानाकडे येई. पाहुणे म्हणायचे, केवढा हा विनय, घरचा कर्ता माणूस शेवटच्या पाटावर बसतो! काकू वाढता वाढता माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची आणि पुढच्या पानाकडे सरकायची.

तीच युक्ती त्यांनी ऑफिसातही लढवली होती. शेतकऱ्यांना बियाणं पुरवणाऱ्या एका संस्थेत ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. मीटिंगमध्ये साहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची बडे बाबूंची, असा तिथला रिवाज. काकाजींनी ती मोठ्या मनाने अकाउंट्सच्या बाईंना देऊन टाकली आणि स्वतः साहेबांच्या डावीकडे बसू लागले. म्हणजे साहेब त्यांच्या उजव्या कानाशी. इतरांचं बोलणं त्यांना तुकड्यातुकड्यांनीच पोचायचं, पण साहेब लोकांना दुसऱ्याचं बोलणं पुन्हा एकदा आपल्या तोंडाने म्हणून दाखवायची सवय असते. "यानी आपका कहना यह है कि..." असं साहेबांनी म्हटलं की काकाजींचं पेन धावू लागे. मीटिंगचं टिपण लिहिणं हा त्यांचा प्राण होता. मराठी माणूस, पण त्यांच्या हिंदीची वाहवा लखनौपर्यंत झालेली होती, असं ते स्वतःच सांगत.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. संस्थेचं बिजौलीला बियाण्यांचं गोदाम होतं, आणि हेड ऑफिसात ज्याचं काही जमेनासं होई त्याची रवानगी तिकडे होई. पत्र्याचं छप्पर, पोत्यांच्या थप्प्या आणि फाटकापाशी एक टेबल. काकाजींना पोत्यांचं काही वाटत नव्हतं. 'बडे बाबूंना ऐकू येत नाही म्हणून बिजौलीला पाठवलं', हे वाक्य मात्र त्यांना सहन होणार नव्हतं. कानाचं कळलं की टिपण जाणार, टिपण गेलं की बिजौली आलीच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. काकूनेही तेच धरलं होतं आणि मीही. म्हणून ती खुर्ची.

दुसऱ्या दिवशी मी हॉल बघायला गेले. इंग्रजांच्या वेळचा बंगला, वर दगडी पटियांचं, म्हणजे लांब शिळांचं, उंच छत, खाली दगडी फरशी आणि मधे सुन्या भिंती. खिडक्यांत लोखंडी कूलर बसवलेले, ते सुरू झाले की हॉलमध्ये ट्रक शिरल्याचा भास व्हायचा. मधोमध एक लांबलचक सागवानी टेबल होतं, जे हलवायची कोणाची छाती नव्हती. भिंतींना लागून सागवानीच रॅक. त्यांच्यावरच्या फाइली आता कॉम्प्युटरमध्ये गेल्या होत्या, आणि रिकाम्या रॅकवर धूळ तेवढी बसलेली होती.

साहेब कानपूरकडचे, हसतमुख, जरा गोलमटोल. कुठल्याशा ट्रेनिंगहून ते 'फ्लेक्सिबल' आणि 'सस्टेनेबल' असे दोन शब्द घेऊन आले होते आणि दोन्ही त्यांना फार आवडले होते. सकाळी मोठ गावाकडच्या शेतकऱ्यांचा वर्ग, दुपारी संचालकांची बैठक, संध्याकाळी लखनौशी व्हिडिओ मीटिंग, हे सगळं त्या एका हॉलमध्ये व्हायला हवं होतं. "मैडम, ऐसा हॉल जो सब काम आए, और फालतू कुछ खरीदना न पड़े," असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. आमच्या घरात जुन्या धोतराचा पंचा व्हायचा, पंच्याचं फडकं आणि फडक्याची काकडा-वात. त्याला आम्ही मुलं चिकटपणा म्हणायचो. त्याच गोष्टीला एवढं भारदस्त नाव आहे हे कळल्यावर मला घराण्याचा जरा अभिमानच वाटला.

मी आराखडा केला तो असा. लांब टेबल कापून त्याची छोटी टेबलं करायची, त्यांना चाकं लावायची, म्हणजे हवी तशी जोडता येतील, नको तेव्हा भिंतीशी ढकलता येतील. रॅकच्या लाकडातून घडीची बाकं. नवीन लाकूड अजिबात नाही. सुतारमिस्त्री चाकांवर नाराज होता. चाक लागलं की टेबल पळून जाईल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो रोज नव्याने मांडायचा. आणि मीटिंगला खुर्च्या गोलात मांडायच्या, हॉलला वरची बाजू आणि खालची बाजू असं काही ठेवायचंच नाही. साहेब या गोलावर भलतेच खूश झाले.

आता गोलात साहेबांना डावा हात असणारच, पण तो कुठल्या खिडकीकडे असेल ते कोणी सांगावं? मी मनाशी म्हटलं, साहेब लोक सवयीचे गुलाम असतात. एकदा ज्या खिडकीला पाठ करून बसतील तीच कायमची. मग डावीकडची खुर्ची काकाजींची व्हायला कितीसा वेळ लागतो!

टेबलं अर्धीमुर्धी तयार झाली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, बसून बघा म्हणाले आणि स्वतः फोनवर बोलत व्हरांड्यात राहिले. मी खुर्च्या गोलात मांडून ठेवल्या होत्या. मंडळी आली आणि उभीच राहिली. कोणी बसेना. "आप बैठिए", "नहीं, पहले आप", "अरे भैया, आप बड़े हैं", असं सुरू झालं. मला आधी काही उमगेना. मग लक्षात आलं, की लांब टेबलाशी कोणाची जागा कुठली हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. इथे पहिली जागा कुठली तेच कोणाला ठाऊक नव्हतं, मग दुसरी तरी कशी ठरावी? खुर्च्या रिकाम्या आणि भोवती माणसांचं रिंगण, असा देखावा बराच वेळ चालला. माझं डोकं फिरलं. "अहो, बसा की एकदाचे!" असं मी चक्क मराठीत ओरडले. कोणाला काही कळलं नाही आणि काकाजींना ऐकूच गेलं नाही.

शेवटी साहेब आले आणि खिडकीपाशी बसले. त्यासरशी संगीत खुर्चीतलं संगीत थांबल्यासारखी सगळ्यांनी झेप घेतली. काकाजी आपल्या स्वभावाप्रमाणे मागे राहिले आणि त्यांच्या वाट्याला साहेबांच्या उजवीकडची खुर्ची आली. म्हणजे साहेब त्यांच्या मेलेल्या कानाशी. मी ओठ चावला. तेवढ्यात साहेब उठले, म्हणाले इथे ऊन येतंय. साहेब उठले की सगळे उठणार. साहेब समोर जाऊन बसले, सगळे पुन्हा बसले. काकाजी तोवर हळूच वळसा घालून साहेबांची डावी बाजू गाठायला निघाले होते. ते तिथे पोचेपर्यंत साहेबांनीच जागा सोडली होती. साहेबांना आता पंख्याचं वारं लागेना. ते परत उठले. परत सगळे उठले. काकाजी परत वळसा घालू लागले. असं किती वेळा झालं कोण जाणे. अकाउंट्सच्या बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सगळं स्थिरावलं तेव्हा काकाजी गोलाच्या थेट दुसऱ्या टोकाला होते. ह्या साहेबाला धड एका जागी बसता येत नाही आणि हा म्हणे टिकाऊ हॉल करणार, असं माझ्या मनात आलं.

मग साहेबांनी काकाजींना काहीतरी विचारलं. पुढच्या मीटिंगची तारीख काय ठेवायची, असं काहीसं. काकाजी म्हणाले, "जी साहब," आणि कागदावर लिहू लागले. कूलर घरघरत होता. सगळ्यांनी एकदम फरशीकडे बघितलं.

त्या संध्याकाळी काकाजी मधल्या दाराने आले, पण बसले नाहीत. "काम छान चाललंय तुझं," ते म्हणाले. "खुर्चीचं काही जमायचं नाही बहुतेक. राहू दे. बिजौलीला फाटकापाशी कडुनिंब आहे एक, सावली चांगली पडते." आणि परत गेले. मला रडू यायच्या आधी राग येतो. मी कान ह्या गोष्टीवर रागावले, गोल ह्या आकारावर रागावले, आणि जेवताना आईवरही विनाकारण रागावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असताना मी डाव्या कानात कापसाचा मोठा बोळा कोंबला, कूलर सुरू केला आणि मिस्त्रीला सांगितलं, तिकडे पलीकडच्या भिंतीशी उभं राहून काहीही बोल. मिस्त्रीला बोलायला विषय लागत नव्हता, त्याने चाकांबद्दलची तक्रार सुरू केली. त्याचे हात हलताना दिसत होते, तोंड हलताना दिसत होतं, आणि माझ्यापर्यंत येत होता तो नुसता गोंगाट. आवाज वर दगडाला लागत होता, खाली दगडाला लागत होता, एक शब्द संपायच्या आत पुढच्यावर पडत होता. रोज ऐकलेली तक्रार, तीही मला कळेना. वर्षानुवर्षं काकाजी त्या हॉलमध्ये बसून हेच करत होते, आणि घरी येऊन आम्हाला मीटिंगच्या गमती सांगत होते. मला त्यांची इतकी माया दाटून आली की मिस्त्रीला थांब म्हणायचंही सुचेना.

तेव्हा ठरवलं. एक खुर्ची सांभाळता येत नसेल तर अख्खा हॉलच असा करू, की कुठल्याही खुर्चीवरून ऐकू आलं पाहिजे.

साहेबांकडे जाऊन मी व्हिडिओ मीटिंगचं निमित्त पुढे केलं. लखनौला आपलं बोलणं घुमून जाईल, कूलरचाच आवाज जास्त जाईल, भिंतींना काहीतरी मऊ लावायला हवं, कूलर बाहेर काढायला हवेत. हे खोटं नव्हतंच, अर्धं होतं एवढंच. ते खोदून विचारतील म्हणून मी बरीच तयारी केली होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "आवाज़ साफ होनी चाहिए, यह सबसे पहले। बाकी सब बाद में," असं म्हणून सही करून टाकली. आपल्याला थाप चांगली मारता येते, असं वाटून मी खुशीत घरी आले.

कापूस कुठून आणायचा हा प्रश्न काकूने सोडवला. आमच्या इथल्या मराठी घरांत माळ्यावर जुन्या रजयांचे ढीग असतात. कापसाचे गोळे झालेले असतात, पण टाकून द्यायचं कोणाच्या जिवावर येत नाही. तो कापूस पिंजून आणला आणि जुन्या लुगड्याधोतरांच्या थरांत घालून बायका दुपारी गोधड्या शिवायला बसल्या. शेजारची बुंदेली वहिनीही येऊन बसली, तिच्या भाषेत ती कथरी. रॅकच्या फळ्यांच्या चौकटी केल्या, गोधड्या त्यांत ताणून बसवल्या आणि वरून साधी जाडीभरडी खादी लावली, नाहीतर संचालकांना भिंतीवर कोणाच्या तरी आजेसासूचं इरकली लुगडं दिसलं असतं. काकूला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं कळलेलं होतं. सुईत दोरा ओवता ओवता ती एकदा हळूच म्हणाली, "त्यांच्या एका कानासाठी अख्ख्या हापिसाला रजई पांघरतेस ग बाई."

चौकटी भिंतींवर चढल्या, काही छताला टांगल्या. शेतकरी मेळाव्याच्या जाड सतरंज्या ऑफिसच्या कोठीत पडून होत्या, त्या धुऊन फरशीवर घातल्या. कूलर मागच्या व्हरांड्यात नेले आणि पत्र्याच्या नळातून त्यांची हवा आत घेतली. व्हरांड्याच्या कमानींत वाळ्याचे पडदे सोडले, झाशीचा उन्हाळा त्याशिवाय कोणाला निभावता आलाय? शेवटच्या दिवशी मिस्त्रीने आत उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. "दब गई," तो म्हणाला, जरा दुःखानेच.

काकाजी या दिवसांत हॉलकडे फिरकले नाहीत. लोक विचारायचे तर म्हणायचे, भाचे-पुतण्यांच्या कामात नाक खुपसू नये. टेबलाचे खण मात्र आवरायला घेतले होते, असं मला अकाउंट्सच्या बाईंनी सांगितलं.

नव्या हॉलमधली पहिली मीटिंग संचालकांची होती. नळातून हवा नीट येते का ते बघायचं निमित्त करून मी व्हरांड्याच्या दारात उभी राहिले. पुन्हा 'पहले आप' झालं, पुन्हा झेपा पडल्या. या वेळी साहेबांच्या दोन्ही बाजू संचालकांनीच धरल्या, आणि काकाजी लांब कडेला, साहेबांकडे डावा कान करून. त्यांनी पेन उघडलं.

मोठचे एक वयस्कर संचालक होते, ते अगदी हळू बोलायचे. मागच्या वर्षी मुगाचं बियाणं उशिरा पोचलं, उगवण कमी झाली, या वेळी पेरणीच्या आधी यायला हवं, असं ते सांगू लागले. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी काकाजींच्या हाताकडे बघत होते. पेन चालत होतं. साहेबांनी 'यानी आपका कहना' म्हणायच्या आधी चालत होतं. मधेच काकाजींनी मान वर करून छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत लिहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात साहेब शेजारच्या संचालकांच्या पलीकडे बसलेल्या अकाउंट्सच्या बाईंकडे जरा वाकले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "बड़े बाबू आज बाएँ नहीं बैठ पाए। मोठवाली बात उन्हें बाद में बता दीजिएगा, हमेशा की तरह।"

"जी, चाय के टाइम बता दूँगी," बाई म्हणाल्या.

यात कुठे टवाळी नव्हती, कुजबुजही नव्हती. जाताना पंखा बंद करा, असं सांगावं तसं ते सांगणं होतं. काकाजींचं पेन थांबलं. मी केलेल्या हॉलनेच ते वाक्य त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवलं होतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग परत काढलं. "सुनाई दे रहा है, साहब," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांचा चेहरा उतरला. बाई खाली बघू लागल्या. गोलात कोणी कोणाकडे बघेना. मोठच्या संचालकांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, मी पुढे बोलू का? काकाजी म्हणाले, "जी, आप मूँग पर थे।" आणि मीटिंग पुढे चालली.

चहाला सगळे उठले तरी काकाजी बसून कागद जुळवत राहिले. साहेब त्यांच्या शेजारी येऊन बसले, उजवीकडे. मी दारातून हलले नाही. हलायला हवं होतं, पण नाही हलले.

"बुरा मत मानिए, बड़े बाबू," साहेब म्हणाले. "मैं यहाँ आया तो पुराने साहब ने चार्ज देते समय चाबियाँ दीं, मुहर दी, और कहा, एक बात और, बड़े बाबू को अपने बाएँ हाथ बिठाना। उनको उनसे पहलेवाले कह गए थे।" जरा थांबून ते हसले. "उस दिन मैंने कितनी कुर्सियाँ बदलीं, आप हाथ ही नहीं आए।"

काकाजींनी हात जोडले. बिजौलीचा विषय तिथे कोणाच्या डोक्यातसुद्धा नव्हता, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. माझी थाप साहेबांनी एवढ्या सहज का गिळली, हेही त्याच वेळी कळलं.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी आणत होते. बडा बाजाराची गर्दी सुरू व्हायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, मी एका बंद दुकानाच्या कडेला थांबले. ते उतरले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"पोरी, मी लपवत होतो," ते म्हणाले, "आणि ते मला लपवू देत होते."

मला रडू आवरेना. भर रस्त्यात रडले. त्यांनी रुमाल दिला आणि माझं आटोपेपर्यंत ते बोलत राहिले. अकाउंट्सच्या बाई दर मीटिंगनंतर चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी यायच्या. मला काही लक्षात राहत नाही, जरा तुमच्याशी पडताळून घेते, म्हणून सगळी मीटिंग पहिल्यापासून सांगायच्या. "आणि मी घरी येऊन तुझ्या काकूला म्हणायचो, बाई कामाला चांगली आहे पण डोक्याने कमजोर." त्यांना हसू आलं आणि ते तसंच अर्धवट राहिलं.

मग त्यांनी विचारलं, "कानाचा डॉक्टर कुठे बसतो ग आपल्या इथे?"

कान हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, सीपरी बाजाराकडे एक चांगले आहेत, उद्या घेऊन जाते.

"उद्या नको, आत्ताच चल," काकाजी म्हणाले आणि परत मागे बसले. "दोनच वर्षं राहिलीत. ही माणसं काय काय बोलतात, ते जरा नीट ऐकून घेऊ दे मला."